साच्यातला हात

एक्स-रे काढणाऱ्या बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात — "ताई, त्या काळोख्या खोलीत कधी काही दिसलं नाही का हो?" रोह्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी अर्धं आयुष्य एक्स-रे काढण्यात घालवलंय. आधी डार्करूममध्ये फिल्म धुवायचे, मग कॉम्प्युटर आला आणि बोटांचा तो औषधाचा वास गेला. एवढ्या वर्षांत मला दिसली ती मोडलेली मनगटं, कंपनीत शिफ्टला घसरून पडलेल्यांचे खुबे, आणि एकदा एका पोराच्या पोटात गेलेलं रुपयाचं नाणं. बाकी काही नाही. तुमच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झाले की नवऱ्याला म्हणते, या माणसाचं बीपी कोणीतरी तपासा.

तर आता माझं तपासा. कारण मी जे लिहितेय ते मी उघड्या डोळ्यांनी, दिवसाढवळ्या, मशीनच्या स्क्रीनवर पाहिलंय — आणि माझ्या धंद्यात स्क्रीनवर दिसतं तेच खरं धरतात.

माझं सासर रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, कुंडलिकेच्या पुलापलीकडे. माहेर हमरापूर, पेणजवळ. आमच्याकडे घरोघर गणपती बनतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरोघर डोळे आखणारा माणूस नसतो. मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंग देणं ही कामं बरेच जण करतात. डोळ्यांची आखणी मात्र एखाद्याच्याच हातात असते. आमच्या घरात ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात होती. त्यांच्यानंतर माझ्या थोरल्या भावाकडे आली — मोरूदादाकडे.

आखणी शिकवायची आमच्या घरची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिकणाऱ्याने ब्रश धरायचा, आणि शिकवणाऱ्याने मागे बसून आपला हात त्याच्या हातावर ठेवायचा. आखणी चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, दोघांनीही नाही. जे सांगायचं ते वरच्या हाताने. हात जड झाला की थांब, रेघ चुकतेय. हलका झाला की चल, पुढे जा. असे एक-दोन मोसम जातात, आणि मग एक दिवस शिकवणारा न सांगता हात उचलून घेतो. शिकणाऱ्याला ते आख्खा डोळा काढून झाल्यावर कळतं. दादा सांगतो, त्या दिवशी त्याने मागे वळून पाहिलं तर आप्पा पडवीत बसून चहा पीत होते.

आप्पांच्या हाताचंही सांगायला हवं. तरुणपणी भाताच्या गिरणीत पट्ट्यात सापडून त्यांच्या उजव्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर गेलं होतं. त्याच हाताच्या करंगळीमागचं हाड मोडून वाकडंच जुळलं होतं. मला हे इतकं पक्कं माहीत आहे, कारण मी शिकत होते तेव्हा सरावाचा पहिला एक्स-रे त्यांच्याच हाताचा काढला. आप्पा मशीनवर हात ठेवून म्हणाले होते, "पेर कुठं गेलंय ते बघ गो तुझ्या यंत्रात, गिरणीवाल्यानं तर दिलं नाय परत." ती फिल्म पुढे एका पावसाळ्यात दुसऱ्या फिल्मला चिकटून गेली. आता माझ्याकडे पुरावा म्हणून काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटी अर्धांगाचा झटका आला होता आणि उजवा हात जड पडला होता. तरी खुर्ची ओढून कारखान्यात बसायचे, कधी कधी तो हात दादाच्या हातावर ठेवायचे.

दादाच्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी, एक गाठ आली. त्याने ती किती दिवस लपवली देव जाणे. ब्रश धरून घट्टा पडलाय, असं वहिनीला सांगायचा. मी एका रविवारी गेले, चहाचा कप घेताना त्याने डावा हात पुढे केला आणि मला शंका आली. हात दाखव म्हटलं तर, तू काय डॉक्टर झालीस काय गो, म्हणून हसला. मी शेवटी भांडून रोह्याला आणला, एक्स-रे काढला. हाड बरं होतं, पण वरच्या मांसातली सावली मला आवडली नाही. मग सोनोग्राफी, एमआरआय, तुकड्याची तपासणी, आणि पनवेलच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन. गाठ वाईट निघाली. काढली, पण मुळाशी थोडी राहिली. आणखी कापायचं म्हटलं तर अंगठा जाणार.

तिथल्या रेडिएशनच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या. शेक, म्हणजे किरणांचा, दिला तर हात वाचण्याची चांगली आशा आहे, म्हणाल्या. मात्र लवकर सुरू करायला हवा. दादाने एकच विचारलं — नंतर बारीक काम जमेल का? मॅडमनी त्याची बोटं उघडमीट करून पाहिली. "हात राहील," त्या म्हणाल्या, "पण कातडी आणि शिरा आखडतात. पूर्वीइतकं बारीक काम होईलच असं मी सांगू शकत नाही."

आषाढ लागला होता. कारखान्यात कोऱ्या चेहऱ्यांच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या, सगळ्या दादाची वाट बघत. ज्यांनी हा मोसम पाहिलाय त्यांना कळेल की त्या दिवसांत आखणी करणाऱ्या माणसाला उचलून दवाखान्यात नेणं म्हणजे काय.

तरी तो आला. वहिनीने त्याला आणायला काय काय केलं ते तिलाच माहीत. त्यांची मुलगी मानसी, नुकतीच बी.कॉम. झालेली, कारखाना सांभाळायला घरी राहिली. दादा, वहिनी आणि मी पेणच्या स्टँडवरून एसटीने गेलो.

शेक द्यायच्या आधी प्लॅनिंग असतं. म्हणजे हात दररोज अगदी त्याच जागी, त्याच स्थितीत ठेवता यावा म्हणून त्याच्यावर एक साचा बनवतात. जाळीची प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करायची, हातावर दाबून बसवायची, गार झाली की कडक होते. मग साच्यासकट हाताचा सीटी स्कॅन काढायचा, आणि त्या स्कॅनवर किरण कुठून किती सोडायचे ते डॉक्टर ठरवतात. माझ्या धंद्यातलं माणूस म्हणून तिथल्या टेक्निशियनने, प्रशांतने, मला कॉम्प्युटरच्या खोलीत काचेमागे उभं राहू दिलं.

साचा बनताना दादाची स्वारी खुशीत होती. आयुष्यभर साच्यातून गणपती काढलेला माणूस, आज त्याचाच हात साच्यात. शीट अंगठ्यापाशी जास्त ताणली जातेय, तिथं पातळ होईल, हे त्याने प्रशांतला पडल्यापडल्या सांगितलं. आतून तेल नाय लावत काय, सुटणार कसा, हेही विचारलं. प्रशांत हसला. दादा पालथा झोपला होता, उजवा हात डोक्याच्या पुढे लांब, तळवा खाली, वर जाळीचा साचा, आणि तो चारी बाजूंनी फळीला खटक्यांनी अडकवलेला. बोट हलवायची सोय नव्हती.

आम्ही बाहेर आलो, दार लागलं, टेबल आत गेलं.

स्क्रीनवर चित्र येऊ लागलं तेव्हा मी गाठीची जागा शोधत होते. प्रशांत म्हणाला, "ताई, यांचं बोट कापलेलं आहे का? फॉर्मवर कोणी लिहिलेलं नाही."

मी म्हटलं नाही, काहीतरीच काय. आणि मग पाहिलं. मधल्या बोटाला शेवटचं पेर नव्हतं. बाकी बोटं पुरी, मधलं तेवढं आखूड. काचेतून पलीकडे बघितलं तर टेबलावर दादाचा हात, जाळीखाली पाचही बोटं व्यवस्थित दिसत होती, मधलं सगळ्यांत लांब. पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. करंगळीमागचं हाड वाकडं जुळलेलं.

मी खुर्चीला धरून उभी राहिले. लोक लिहितात ना, अंगावर काटा आला वगैरे... तसं काही झालं नाही. मला रडू येत होतं. इतक्या वर्षांनी आपल्या बापाचा हात दिसला तर काय होईल, तसं झालं.

प्रशांतला वाटलं दुसऱ्याच पेशंटचं चित्र उघडलंय. त्याने नाव तपासलं, दादाचंच होतं. म्हणाला, कधी कधी हालचालीने होतं असं, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतला. तोच हात. यावेळी मी धीर करून अंगठ्याच्या मुळाशी पाहिलं. तिथे ऑपरेशनची खूण नव्हती, काहीच नव्हतं. साफ, म्हाताऱ्या माणसाचा हात.

मग प्रशांतने आत जाऊन साचा काढला आणि नुसत्या हाताचा स्कॅन घेतला. दादाचा हात आला. पाची बोटं पुरी, अंगठ्यापाशी कापल्याची जागा, उरलेली ती घाण. साचा घातला की आप्पांचा, काढला की दादाचा. मॅडमना बोलावलं, त्यांनी बराच वेळ बघितलं. प्लास्टिकमुळे चित्र थोडंफार बिघडू शकतं, म्हणाल्या, पण हाड नाहीसं होत नाही. मशीनवाल्या कंपनीचा माणूस बोलावते, तुम्ही परवा या, नवीन साचा बनवून नव्याने करू. दोन्ही स्कॅन बिघडलेले म्हणून बाजूला टाकले असतील. ते मी पुढे कधी पाहिले नाहीत.

एवढं होईपर्यंत मी दादाला काहीही सांगितलं नव्हतं. वहिनी तर बाहेर बाकावर होती. दादा टेबलावरून उठला, हात चोळत बसला आणि मला म्हणाला, "तारे, वर हात कुणी ठेवला होता?"

मी म्हटलं, साचा होता तो.

"साच्याचा भार मला शिकव," तो म्हणाला. "साचा गार असतो. ह्यो ऊन होता."

पेणला उतरल्यावर त्याने विचारलं, यंत्रात काय दिसलं. मी खोटं बोलू शकले असते, पण दादाशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही. मी सगळं सांगितलं — पेर नव्हतं ते, करंगळीचं, आणि गाठ नव्हती तेही. वहिनीने स्टँडवरच पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी कारखान्यात आम्ही चौघं बसलो, मानसीसुद्धा. चारी बाजूंना कोरे चेहरे. दादा म्हणाला, "हात जड होता. जड म्हणजे थांब."

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की मला अजून माझं हसू येतं, आणि हसू येतं म्हणून राग येतो. मी — भूत-बित काही नसतं म्हणणारी बाई — भावाला हात जोडून पटवून देत होते की यंत्रात आलेला हात आप्पांचाच होता. तुझा नव्हता. म्हणून त्यात गाठ नव्हती. गाठ तुझ्या हातात आहे, ती तिथेच आहे, ती थांबणार नाही. दादा म्हणाला, आप्पांचाच होता ना? मग आप्पा थांब म्हणतायत ते पण खरं धर. अर्धं खरं, अर्धं खोटं, असं कसं गो?

मी म्हटलं, आप्पांचा हात शेवटी शेवटी जडच होता की! अर्धांगाने. तेव्हा ते थांब म्हणायचे का चल, तुला तरी कळायचं का? यावर तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मला वाटलं, जिंकले. वहिनी म्हणाली, "ताई बोलतात ते ऐका. मला तुमचा हात पायजे, डोळे काय कोणी पण काढील." हे तिने बोलायला नको होतं. म्हणजे बोलली ते खरंच होतं, पण त्या खोलीत, त्या मूर्तींच्या समोर, दादाला ते लागलं.

"एवढा मोसम होऊं दे," तो म्हणाला. "अनंत चतुर्दशी झाली का मी आपणहून तुझ्याबरोबर येतो. तवा काय करायचं ते करा."

मला दिसत होतं की त्याला जे हवं होतं तेच त्याला त्या हाताने दिलं. धड चालणाऱ्या हाताने एक शेवटचा मोसम. मॅडमनी ज्या दिवशी सांगितलं की बारीक कामाचं काही सांगता येत नाही, त्याच दिवशी त्याच्या मनाने हे ठरवलं असणार. पण हे बोलून दाखवायचं कसं? आणि दाखवलं असतं तरी काय झालं असतं?

परवाचा दिवस आला आणि गेला. मॅडमचा फोन आला, मशीन तपासलं, काही दोष नाही, तुम्ही या. मी दादाला फोन दिला. तो अगदी अदबीने बोलला, हो मॅडम, येतो मॅडम. आला नाही. मी रोह्याहून गाडी पकडून जायचे, त्याच्यासमोर बसायचे, चिडायचे, रडायचे, एकदा तर ब्रश उचलून बाहेर फेकला. मानसी गेली आणि धुऊन घेऊन आली. वहिनीने जेवण सोडून पाहिलं. मॅडमनी स्वतः पुन्हा फोन केला. शेवटी मी माझ्या नवऱ्याला पाठवलं, तर तो दादाच्या शेजारी बसून आखणी बघत राहिला आणि परत येऊन मला म्हणाला, असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही.

ते खरं होतं. त्या वर्षीच्या डोळ्यांची आठवण गावातले लोक अजून काढतात. मूर्ती न्यायला आलेली माणसं समोर उभी राहायची आणि मूर्ती उचलायचं विसरायची. दादाचा अंगठा सुजून मनगटापर्यंत लाल झाला होता. तो ब्रश तीन बोटांत धरायला शिकला, मग दोन. मी शेजारी बसून रंगाची वाटी धरायचे, कारण दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं. मला हाडं वाचता येतात. त्या हातात काय चाललंय ते मला चित्र न काढता दिसत होतं, आणि मी वाटी धरून बसले होते.

अनंत चतुर्दशी झाल्यावर तो शब्दाला जागला. स्वतः एसटीत बसला. नवीन साचा बनला, स्कॅन झाला, यावेळी सगळं नीट. दादाचाच हात, दादाचीच बोटं. गाठ हाडात शिरलेली होती. मी काचेमागे होते, मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. शेक द्यायचं प्लॅनिंग तिथेच थांबलं. हात कोपराखाली कापावा लागला.

मॅडमना मी नंतर एकदा एकटीने भेटले. विचारलं, तेव्हाच सुरू केलं असतं तर? त्या म्हणाल्या, वाचला असता कदाचित. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, गाठीची ही जात फार वेगाने वाढते, तेव्हा दिलं असतं तरी नक्की सांगता आलं नसतं. त्या माझं मन राखायला बोलल्या का खरं बोलल्या, मला अजून कळलेलं नाही.

दादा जगला. जगलाय, आणि बरा आहे. डाव्या हाताने जेवतो, शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावतो. आखणी मानसी करते. कोणी शिकवणार नव्हतं, तिची तीच बसली. दादा तिच्यामागे खुर्ची घेऊन बसायचा, पण हातावर ठेवायला त्याच्याकडे हात नव्हता. डावा ठेवून पाहिला, ते जमेना. डावा हात उजव्या हाताला काय सांगणार? मग त्याने खुर्ची दाराशी नेली. पहिल्या वर्षी मानसीचे डोळे बरे होते, इतकंच म्हणेन. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, आणि काही न बोलणं म्हणजे काय हे दादाला कळत होतं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. श्रावणातली दुपार, पत्र्यावर पावसाचा आवाज चालू. मी चहाचा ट्रे घेऊन कारखान्यात शिरले. दादा दाराशी खुर्चीत, डाव्या हाताने जुने ब्रश पुसत होता. मानसी त्याच्याकडे पाठ करून, एका मोठ्या मूर्तीच्या वरच्या पापणीची रेघ ओढत होती. आखणीत बोलायचं नाही, म्हणून मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

रेघ अर्ध्यावर असताना मानसी बोलली. ब्रश न उचलता, मान न वळवता. "पप्पा, हात."

दादा उठला नाही. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. तिच्या आसपास कोणी नव्हतं. मूर्ती होत्या, बस. तिचा हात हवेत, हातात ब्रश, ब्रश रेघेवर टेकलेला... आणि मनगट जरासं खाली दबलेलं. कोणी हात ठेवल्यावर दबतं तसं.

दादाने विचारलं, "मधलं बोट?"

मानसीने ब्रश तसाच टेकवून ठेवला. मग म्हणाली, "अर्धं हाय."

मी ट्रे खाली ठेवला.

"जड हाय का हलका?" दादाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "नीट बघ, मानसी. थांब म्हणतायत का चल म्हणतायत?"

पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता, तरी तिचं उत्तर मला शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आलं. का ते सांगता येत नाही.

"काय म्हणत नायत, पप्पा," ती म्हणाली. "नुसता ठेवलाय."

आणि तिने रेघ पुरी केली.

तो डोळा मी पाहिला. चांगला आला होता. आप्पांसारखा नाही, दादासारखा नाही. तिचा होता. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, आत्या, मला वाटलं पप्पाच मागे आलेत. बोट आखूड आहे हे कळल्यावर घाबरलीस का? तर म्हणाली, नाय, ऊन होता हात. त्यानंतर तिला असं पुन्हा झालेलं नाही. निदान सांगितलेलं तरी नाही.

तुमच्यातले हुशार लोक म्हणतील की स्कॅनच्या दिवशी संध्याकाळी आम्ही कारखान्यात जे बोललो ते मानसीने ऐकलं होतं, अर्ध्या बोटाचं तिला माहीत होतं, मनाचे खेळ असतात. मान्य. मीही तेच म्हणते, बहुतेक दिवशी. पण मग ते दोन स्कॅन? प्रशांतला आप्पा कुठे माहीत होते? "बोट कापलेलं आहे का" हे मी विचारलं नव्हतं, त्याने विचारलं होतं. आणि साच्याखाली हात ऊन लागला हे दादाने मी तोंड उघडायच्या आधी सांगितलं. यातलं एक-एक सुटं काढलं तर प्रत्येकाचं काहीतरी उत्तर देता येतं. सगळं एकत्र ठेवलं की मला देता येत नाही. बरं, उत्तर मिळालं तरी दादाचा हात काही परत यायचा नाही.

मानसीने ती रेघ ओढली त्या दिवशी मी संध्याकाळच्या गाडीने रोह्याला परत निघाले. दादा मला सोडायला हमरापूर स्टेशनपर्यंत चालत आला. पाऊस थांबला होता. गाडी दिसायला लागली तेव्हा त्याने डाव्या हाताने माझ्या हातातली पिशवी घेतली, जणू मला चढायलाच द्यायचं नव्हतं.

"तारे," तो म्हणाला, "तवा साच्यात पण नुसताच ठेवला असंल काय गो?"

गाडी आली. मी त्याच्याकडून पिशवी घेतली आणि चढले. खिडकीतून बघितलं तर तो तिथेच उभा होता, उत्तराची वाट बघत.